हात लावून तपासलं का?

वस्तीतला एक भाऊ बांधकामावरून पडला. कंबरेला मार बसला आणि उजवं पाऊल लोंबायला लागलं. चालताना चप्पल घासते, पायरीला पंजा अडकतो. सहा महिन्यांनी त्याचे कागद आमच्याकडे आले. त्यावर लिहिलं होतं, उजवा पाय, पॉवर ४/५. आम्ही विचारलं, कसं तपासलं? तो म्हणाला, "ताई, टेबलापलीकडून म्हणाले पाय उचला. मी उचलला."

त्याने मांडी उचलली होती. मांडी उचलणारे स्नायू वेगळे, पंजा वर खेचणारे वेगळे. आम्ही त्याला खाटेवर पाय सोडून बसवलं, नडगी एका हाताने धरली आणि पंजा वर घ्यायला सांगितला. अर्ध्यावर येऊन थांबला. कुशीवर झोपवलं तेव्हा मात्र तोच पंजा पूर्ण हलला. म्हणजे ताकद २.

हे आकडे प्रत्येक घराला माहीत असावेत असं आमचं मत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने नसांच्या जखमांसाठी ही मोजणी रूढ केली. मशीन लागत नाही, तपासणाऱ्याचा हात लागतो. स्नायू अजिबात आखडत नसेल तर ०. बोट ठेवल्यावर नुसती थरथर जाणवली, सांधा हलला नाही, तर १. वजन पेलावं लागणार नाही अशा स्थितीत हलला तर २. स्वतःचं वजन पेलून पूर्ण वर आला तर ३. तपासणाऱ्याने दाबूनही टिकला, पण नंतर हार मानली, तर ४. पूर्ण ताकद म्हणजे ५. आता बघा, ४ आणि ५ हात लावल्याशिवाय ठरूच शकत नाहीत. १ सुद्धा अनेकदा बोटाखालीच कळतो.

फरक कागदापुरता नाही. दिव्यांगत्व मोजण्याच्या सरकारी नियमावलीत त्या स्नायूंची ताकद ४ असेल तर २० टक्के हानी धरतात, ३ ला ४०, २ ला ६०. असे सगळे आकडे एकत्र करून दाखल्यावरची टक्केवारी निघते, आणि २०१६ च्या कायद्यातल्या आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्के लागतात. व्यायामही याच आकड्यावर ठरतो. २ ताकदीच्या पायाला वजन बांधून उपयोग नाही.

आपल्या माणसाला हात न लावता बाजूला करण्याचा इतिहास आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी दर वेळी जातच आडवी येते असं आम्ही म्हणणार नाही. रांग मोठी असते, तपासणारा एक असतो. वॉर्डात असताना आम्हीही कालचाच आकडा आज उतरवला आहे. पण कारण काहीही असो, नुकसान रुग्णाचंच होतं.

म्हणून तपासणीला जाताना सोबत कुणीतरी जावं. दोन्ही बाजू तपासायला सांगा, कारण कमजोरी चांगल्या बाजूशी ताडूनच कळते. दुखत असेल तर आधीच बोला. दुखण्यामुळे सोडलेला जोर कमजोरी म्हणून लिहिला जातो. कागदावर नुसतं 'अशक्तपणा' नको, कोणता स्नायू, किती ग्रेड आणि तारीख हवी. पुढच्या वेळी त्याच स्थितीत तपासलं तरच सुधारणा कळेल. ४ चा आकडा तसा ढोबळच आहे, दोन जण दोन तऱ्हेने देतात. शक्यतो एकाच फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या.

एक गोष्ट घरातच बघता येते. अंगावर बधिर चट्टा असेल तर डोळे घट्ट मिटतात का, करंगळी बाजूला जाते का, अंगठा तळहातापासून वर उभा राहतो का, पंजा वर येतो का, हे बघा आणि हलक्या हाताने दाबून बघा. जोर कमी वाटला तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगात नस सहा महिन्यांच्या आत उपचाराला आली तर ताकद परत येण्याची आशा जास्त असते. आणि हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर ग्रेड मोजत बसू नका, रिक्षा बोलवा.

त्या भावाने फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. मंगळवारी बोलावलंय. आमच्यापैकी एक जण सोबत जाणार आहे.