तोटा कोणाचा?

बिद्रीच्या परिसरात राहणाऱ्याला साखरेचे राजकारण कोणी शिकवावे लागत नाही. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या दराची चर्चा घरोघरी सुरू होते. एखाद्या वर्षी आंदोलन पेटते, ऊसतोड थांबते, रस्ते अडतात आणि बाजारपेठ बंद ठेवण्याचे आवाहन होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत 'व्यापाऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे ठरीव वाक्य छापून येते. त्या वाक्यामागे कधी खरी सहानुभूती असते, कधी गिऱ्हाईक तुटण्याची चिंता, तर कधी काचेवर येणाऱ्या दगडाचे भय. बाहेरून पाहणाऱ्याला सगळी बंद दुकाने सारखीच दिसतात. म्हणून अशा दुकानासमोर उभे राहून एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते : येथे तोटा कोणी सोसला, आणि तो आपखुशीने सोसला काय?

चळवळींच्या आपल्या इतिहासात व्यापारी येतो तो देणगीदार म्हणून. मुसलमान व्यापाऱ्याच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. त्याचा सहभाग 'धार्मिक भावना' या एका शब्दात गुंडाळून ठेवला जातो. वस्तुतः जुन्या वळणाच्या मुसलमान पेढीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक आंदोलनांना दिशा दिली आहे. त्यांचे बळ पैशात होते त्याहून अधिक पतीत होते, हे आम्हांस येथे मांडायचे आहे.

यातले एक उदाहरण साखरेचेच आहे. डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानात साखर महागली. रशिया-जपान युद्धामुळे आवक घटली होती. पण तेथील सुभेदाराने दोष व्यापाऱ्यांवर ठेवला आणि वयोवृद्ध, प्रतिष्ठित साखर व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारविले. दुसऱ्याच दिवशी बाजार बंद झाला. व्यापारी आणि मौलवी शहराबाहेरच्या एका दर्ग्यात जाऊन बसले. पुढच्या उन्हाळ्यात हजारो लोक ब्रिटिश वकिलातीच्या आवारात ठाण मांडून राहिले, आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागीरांच्या संघांनी पाहिली. ऑगस्ट १९०६ मध्ये शहाला लोकप्रतिनिधींची सभा मान्य करावी लागली. इराणातील संसदेच्या जन्मकथेत साखरेची पोती आणि स्वयंपाकाच्या चुली अशा येतात.

आता आपल्याकडे वळू. गांधीजी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेस गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी. १८९४ च्या नाताळ इंडियन काँग्रेसला आधार याच गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांचा होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जी ऐतिहासिक सभा भरली, तिचे अध्यक्ष अब्दुल गनी हे व्यापारी होते; आणि कायदा न पाळण्याचा ठराव ईश्वरास साक्षी ठेवून करावा, हे प्रथम बोलले हाजी हबीब.

या मालिकेत आम्हांस सर्वांत थोर वाटतात ते अहमद महंमद काछलिया. ट्रान्सवालच्या लढ्याचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना उधारीवर माल देणाऱ्या गोऱ्या घाऊक व्यापाऱ्यांनी पेच टाकला : चळवळ सोडा, नाहीतर सारी बाकी ताबडतोब भरा. बाकी भरण्याइतका माल दुकानात होता. अडचण होती ती रोकड रकमेची. काछलियांनी माल आणि वह्या दोन्ही पुढे ठेवल्या, पण चळवळ सोडण्यास नकार दिला. त्यांचे दिवाळे जाहीर करण्यात आले. अखेर धनकोंना पै न पै मिळाली. व्यापार मात्र बुडाला. गांधीजींनी ही हकीकत दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात आदराने नोंदविली आहे, आणि तो ग्रंथ लिहावयास त्यांनी आरंभ केला आपल्या येरवड्याच्या तुरुंगात. व्यापाऱ्याला दिवाळ्याहून मोठी नामुष्की नसते. काछलियांनी ती पत्करली, आणि बाजारात गेलेली पत त्यांना समाजात दुपटीने मिळाली.

व्यापारी म्हणजे संत, असे यावरून कोणी समजू नये. मुंबईचे उमर सोबानी गिरणीमालक होते. 'यंग इंडिया' गांधीजींच्या हाती आले ते सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्याकडून; आणि ३१ जुलै १९२१ ची विदेशी कपड्यांची होळी पेटली ती परळला सोबानींच्याच आवारात. देशी गिरण्यांना त्या बहिष्काराचा लाभ होता, हे कोण नाकारील? पण सरकारची नाराजी ओढवून घेण्याचा धोकाही त्यांचाच होता. लाकडाचे बडे व्यापारी मियाँ महंमद छोटानी खिलाफत समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या नावावर लोकांनी विश्वासाने निधी दिला. १९२२-२३ मध्ये उघड झाले की त्यातील सुमारे १६ लाख रुपये त्यांच्या व्यवसायात अडकले आहेत. भरपाई म्हणून त्यांनी आपल्या लाकूड गिरण्या समितीच्या स्वाधीन केल्या, परंतु गेलेला विश्वास गिरण्यांनी भरून येत नाही. काछलियांनी चळवळीसाठी आपला तोटा केला. छोटानींच्या व्यापाराचा तोटा चळवळीच्या माथी आला. दोघेही मुसलमान, दोघेही व्यापारी, दोघेही अध्यक्ष. फरक धर्मात नव्हता, हिशेबाच्या वहीत होता.

बंद दुकान चळवळीच्या विरोधातही वापरता येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेची तयारी चालू असता स्थानिक व्यापाऱ्यांनी सामान देण्याचे नाकारले. धान्य बाहेरून आणावे लागले. मंडपालाही जागा मिळेना. ती शेवटी दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. गावाशी व्यवहार असलेल्या माणसाने अशा वेळी जागा देणे म्हणजे गावाचा रोष अंगावर घेणे होय.

हे आज लिहावेसे वाटले, कारण आमच्याच जिल्ह्यात 'बंद' या शब्दाचा अर्थ पालटत चालला आहे. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुराच्या निषेधार्थ कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानांचे आणि वाहनांचे नुकसान झाले. ज्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली आणि १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, त्यांचे हे शहर. अमक्या धर्माच्या दुकानात खरेदी करू नका, अशी आवाहने आता नवी राहिलेली नाहीत. त्यांना आंदोलन म्हणावे काय? जो स्वतःचे शटर ओढतो तो स्वतःचा तोटा करून सत्तेला प्रश्न विचारतो. जो शेजाऱ्याचे शटर ओढावयास लावतो त्याला काहीच गमवावे लागत नाही. तोटा शेजाऱ्याचा होतो आणि सत्तेला कोणी प्रश्नही विचारीत नाही.

आमच्या भागात उसाचे बिल लांबले की शेतकऱ्याचे घर किराणा दुकानाच्या उधारीवर चालते. आंदोलन लांबले तर वहीतली पाने वाढत जातात. ती वही ज्याच्या हाती असते तो हिंदू असो वा मुसलमान, त्याचे नाव कोणत्याही पत्रकावर नसते; पण त्याने हात आखडला तर आंदोलन आठवडाभरही टिकणार नाही. चळवळींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या वह्या एकदा उघडून पाहाव्यात, एवढीच आमची अपेक्षा आहे.