विश्लेषण : कागदावर साडेतीन टन ओढणारी जुनी डिझेल 'फोर-व्हील' रस्त्यावर कुठे कमी पडते?

ऑस्ट्रेलियात थंडी सुरू झाली, की मेलबर्न, ॲडलेड, सिडनी या दक्षिणेकडच्या शहरांतून गाड्यांची रांग उत्तरेकडे निघते. पुढे उंच डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह, मागे स्वयंपाकघर, पलंग आणि शौचालयासह अख्खे घर असलेली कॅराव्हॅन. यातले बरेच जण निवृत्त. त्यांना तिथे 'ग्रे नोमॅड्स', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे प्रेमाने म्हणतात. करोनाकाळात मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात देशाच्या सीमा बंद होत्या, तेव्हा तरुण कुटुंबेही या छंदाकडे वळली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही 'एकदा कॅराव्हॅन घेऊन निघू' हा बेत आता नवा राहिलेला नाही.

त्यासाठी अनेकांची पहिली पसंती असते वापरलेली, दहा-वीस वर्षे जुनी टोयोटा लँड क्रूझर किंवा निस्सान पेट्रोल. (हे गाडीचे नाव, इंधन डिझेलच.) जाहिरातीत ठळक आकडा असतो : ३,५०० किलो ओढण्याची क्षमता. घोळ इथूनच सुरू होतो.

३,५०० किलोचा आकडा काय सांगतो?

ब्रेक असलेला जास्तीत जास्त किती वजनाचा ट्रेलर जोडता येईल, एवढेच तो सांगतो. त्याच वेळी गाडीत किती माणसे आणि किती सामान चालेल, याबद्दल तो गप्प असतो. ते कळण्यासाठी आणखी तीन आकडे बघावे लागतात. जीव्हीएम म्हणजे भरलेल्या गाडीचे कमाल वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. तिसरा एटीएम. त्याचा बँकेशी संबंध नाही. ट्रेलरचे सामानासह कमाल वजन म्हणजे एटीएम.

२००७ ते २०२१ या काळात विकल्या गेलेल्या लँड क्रूझर २०० चे उदाहरण घेऊ. साडेचार लिटरचे व्ही-८ डिझेल इंजिन, ६५० न्यूटन-मीटर टॉर्क. ताकदीची कमतरता नाही. जीव्हीएम ३,३५० किलो, जीसीएम ६,८५० किलो. रिकाम्या गाडीचे वजन मॉडेलनुसार साधारण २,७४० किलो, म्हणजे भार वाहण्यासाठी उरले ६१० किलो. आता कॅराव्हॅन जोडली, की तिच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा टो-बॉलवर, म्हणजे थेट गाडीवर येतो. साडेतीन टनांच्या कॅराव्हॅनचे ते ३५० किलो वजा केले, की हातात राहतात २६० किलो. त्यात नवरा-बायको, दोन मुले, पुढचा लोखंडी बुलबार, छतावरचा कॅरिअर, फ्रिज, दुसरी बॅटरी आणि टो-बार बसवायचे. नुसता बुलबार आणि टो-बारच शंभर किलोच्या आसपास जातात. चार जणांचे कुटुंब बसले, की हिशेब संपला.

त्याआधीच्या, नव्वदच्या दशकातल्या लँड क्रूझर ८० ची ब्रेकसह ट्रेलर ओढण्याची मर्यादा तर २,५०० किलोच होती. 'जुनी गाडी दणकट, काहीही ओढते' हा समज मात्र दोन्ही गाड्यांना सारखाच चिकटला आहे.

टो-बॉलवरचे ३५० किलो मागच्या चाकांवर ५०० कसे होतात?

तरफेचा नियम. टो-बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. या गाडीच्या दोन ॲक्सलमधले अंतर २.८५ मीटर आहे. बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे धरला, तर ३५० किलोचा दाब मागच्या ॲक्सलवर सुमारे ४९७ किलोचा होतो आणि पुढचा ॲक्सल तेवढ्यातच १४७ किलोने हलका होतो. सी-सॉवर एका टोकाला जड माणूस बसला, की दुसरे टोक उचलले जाते, तसेच. पुढची चाके हलकी झाली, की स्टिअरिंग सैल वाटते, ब्रेकची पकड कमी होते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

त्यावर 'मागे जाड स्प्रिंग टाका' हा गॅरेजमधला नेहमीचा सल्ला असतो. स्प्रिंगने गाडीची मागची बाजू उचलली जाते, ॲक्सलवरचे वजन कमी होत नाही. रीतसर प्रमाणपत्र घेऊन जीव्हीएम वाढवता येतो, पण तेवढ्याने जीसीएम वाढला असे होत नाही. गाडीत जेवढे जास्त भरले, तेवढी कॅराव्हॅन हलकी ठेवावी लागते.

जुने इंजिन नेमके कुठे दमते?

उष्णतेपाशी. ढोबळ हिशेब करून पाहू. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून पाच टन, सपाट रस्ता, वारा नाही. ताशी १०० किलोमीटरला चाकांवर ६५ ते ७० किलोवॅट लागतात. त्यातले तीन चतुर्थांश नुसती हवा कापण्यात जातात, कारण कॅराव्हॅन म्हणजे हवेत उभी केलेली भिंत. वेग ८० वर आणला, की गरज ४० किलोवॅटच्या आसपास येते. वेग वीस टक्के कमी, ताकद चाळीस टक्के कमी.

आता ८० च्या मालिकेतले टर्बो नसलेले ४.२ लिटरचे डिझेल इंजिन घ्या. कारखान्यातून नवे निघाले तेव्हा त्याची कमाल ताकद ९६ किलोवॅट. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधली गळती धरली, तर चाकांपर्यंत ८० पोहोचतात. म्हणजे सपाटीवर शंभरचा वेग धरला, तरी इंजिन जवळजवळ जीव खाऊन पळत असते, आणि तेही तासन् तास. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ६० लाच ७० किलोवॅट लागतात. तिथे इंजिन जोरात फिरते आणि रेडिएटरवर येणारा वारा मात्र मंदावलेला असतो.

डिझेलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा कामाला येतो. उरलेली ऊर्जा धुरातून आणि कूलंटमधून बाहेर पडते. पूर्ण जोरात चाललेल्या अशा इंजिनाच्या कूलंटला ६० किलोवॅटच्या घरात उष्णता वाहून न्यावी लागते, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे तीस गीझर एकाच वेळी चालू. वीस वर्षांत रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतो, फॅनचा क्लच सैल होतो, रबरी होज कडक होतात. शहरात हे कळत नाही, कारण तिथे इंजिनाला या क्षमतेची गरजच पडत नाही. बाहेर तापमान ४० अंश आणि मागे दोन-अडीच टन आले, की पहिल्याच लांब चढावर काटा लाल पट्ट्याकडे सरकतो.

टर्बो असलेल्या इंजिनात आणखी एक धोका असतो. जास्त ताकदीसाठी डिझेलचा पुरवठा वाढवून घेतलेला असेल, तर धुराचे तापमान पिस्टन सोसू शकत नाहीत इतके चढते, आणि डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचा असल्याने ते दाखवत नाही. म्हणून जाणकार वेगळा तापमापक बसवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर लॉक न होता चढावर घसरत राहिला, की तेल उकळते. त्यासाठी वेगळा कूलर लागतो. मॅन्युअल असेल, तर पाचवा गिअर विसरून चौथ्यावर चालवणे हा जुना, फुकटचा उपाय आहे.

नलारबॉर पार करताना काय होते?

नॉर्समन ते सिडुना हा सुमारे १,२०० किलोमीटरचा पट्टा. त्यात १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. घाट नाही, म्हणून सोपा वाटतो. पण समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला, तर ८० च्या वेगाला लागणारी ताकद बिनवाऱ्याच्या १०० एवढी होते. डिझेल शंभर किलोमीटरला वीस लिटरच्या पुढे जाते. म्हणून लोक जेरीकॅन भरून घेतात, तेही वजनच. समोरून लांबलचक रोड ट्रेन जोरात गेली, की हवेचा धक्का कॅराव्हॅनला आधी ढकलतो आणि मग ओढतो.

त्यातून सुरू होते ती डोलणी. कॅराव्हॅन शेपटीसारखी हलू लागते आणि वेग जास्त असेल, तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. जड सामान मागच्या टोकाला ठेवलेले असेल, तर हे लवकर होते. टो-बॉलवरचे वजन कमी करायला सामान मागे सरकवणारे नेमके हेच ओढवून घेतात. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबणे घातक. स्टिअरिंग सरळ धरायचे, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त कॅराव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक हाताने लावायचे. नव्या गाड्यांमध्ये डोलणे ओळखून आवरणारी यंत्रणा असते. जुन्या गाडीत ती नसते, त्यामुळे ब्रेक कंट्रोलर चालकाच्या हाताशी असावा लागतो.

आणि घाट उतरताना?

क्वीन्सलँडमधले टूवूम्बा शहर जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून किनाऱ्याकडे येताना रस्ता एकदम खाली झेपावतो. बोरघाटाची आठवण यावी असाच. पाच टनांची जोडी ४०० मीटर खाली आली, की जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात ६० लिटर गार पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकने जिरवायची म्हटले, तर ब्रेक तापून बोथट होणार. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवेचा थ्रॉटल नसतो, त्यामुळे जुन्या डिझेलचे इंजिन-ब्रेकिंग मुळातच कमी. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर हाच उपाय. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन उतारावर आलेल्या ट्रॅक्टरचालकाला हे शिकवावे लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला ब्रेक हवेत. दोन टनांच्या पुढे सर्व चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला, तर आपोआप ब्रेक लागून किमान १५ मिनिटे धरून ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. पण चालकाची वेगळी परीक्षा नाही. साध्या कारच्या लायसन्सवर, भरलेल्या ४०७ टेम्पोहून जड जोडी कोणीही महामार्गावर आणू शकतो. ब्रिटननेही डिसेंबर २०२१ पासून साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरसाठीची वेगळी परीक्षा रद्द केली. मर्यादेपेक्षा जास्त वजन सापडले, तर दंड होतो. अपघातानंतर सापडले, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

मग लोक जुन्याच गाड्या का धरून आहेत?

लँड क्रूझर ३०० मध्ये २०२१ पासून व्ही-८ जाऊन ३.३ लिटरचे व्ही-६ आले. त्यात टॉर्क जास्त आहे, ७०० न्यूटन-मीटर. तरीही दुर्गम भागात दुरुस्त करता येईल, अशा साध्या यांत्रिक इंजिनावर अनेकांचा विश्वास आहे, आणि तो अगदी चुकीचाही नाही. त्यात जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनावर मानक लागू केले आहे. ते विक्रेत्या कंपन्यांच्या नव्या गाड्यांना लागू होते, रस्त्यावरच्या जुन्यांना नाही. त्यामुळे जुने डिझेल इतक्यात रस्त्यावरून हटण्याची चिन्हे नाहीत.

निघण्याआधी काय तपासायचे?

सार्वजनिक वजनकाट्यावर तीन वजने घेतली, की बहुतेक गोष्टी उघड होतात : जोडलेल्या अवस्थेत गाडीच्या दोन्ही ॲक्सलवरचे, कॅराव्हॅनच्या चाकांवरचे आणि सुटी केल्यावर नुसत्या गाडीचे. माणसे आत बसलेली हवीत आणि टाक्या भरलेल्या. कॅराव्हॅनखाली ९५ लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या असणे नेहमीचेच आहे. काट्यावर त्या रिकाम्या असतील आणि पुढच्या पंपावर भरल्या, तर हातातल्या पावतीपेक्षा १९० किलो जास्त घेऊन गाडी रस्त्याला लागलेली असते.