हिशेब विचारणारा सभासद

आमच्या एका लहानशा मराठी वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा चालू होती. अशा सभा कशा पार पडतात हे बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नको. चिटणीसाने अहवाल वाचावयाचा, कोषाध्यक्षाने जमाखर्चाचे आकडे घाईघाईने उरकावयाचे, पुढल्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज यावयाचा आणि मग सर्वांनी चहाकडे वळावयाचे. त्या वर्षी चिटणीस मी होतो. ‘मंजूर’चा आवाज उमटण्यापूर्वीच दुसऱ्या रांगेतले एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, “इमारत निधीतून सदतीस हजार रुपये ‘किरकोळ’ म्हणून खर्ची पडले आहेत. छप्पर तर अजून गळतेच आहे. ते किरकोळ म्हणजे काय, एवढे सांगा.”

सभा चिडीचूप झाली. मी म्हणालो, “काका, आमच्यावर आपला विश्वास नाही का?”

“विश्वास नसता तर वर्गणी कशाला भरली असती?” ते शांतपणे म्हणाले. “विश्वास आहे म्हणूनच विचारतो.”

मला राग आला. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका व्यासपीठावर लोकशाही या विषयावर अर्धा तास बोललो होतो, ही गोष्ट मात्र घरी पोहोचेपर्यंत आठवली नाही.

पुढे पुष्कळ दिवस मी त्या रागाचे मूळ शोधत होतो. आपण संस्थानी शहरातली माणसे. आपल्याला शाळा मिळाली, ग्रंथालय मिळाले, बाग मिळाली, आणि ती देणारा राजाही असा की त्याच्यापुढे मान आपोआप लवावी. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून गावोगाव वाचनालये काढण्याच्या कामाला हात घातला. या उपकारांची आठवण आपण जपतो, ते योग्यच आहे. परंतु जे मिळाले त्याबद्दल कृतज्ञ राहण्याची सवय आणि जे आपले आहे त्याचा हिशेब मागण्याची सवय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या अंगात मुरली. दुसरी मुरली नाही. प्रजामंडळाने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली, तिच्यासाठी लोक झटले, हेही खरे. पण आपल्या घरांतून गोष्टी सांगितल्या जातात त्या राजवाड्याच्या, प्रजामंडळाच्या नव्हेत.

गंमत अशी की खुद्द महाराजांची पद्धत निव्वळ दानाची नव्हती. गावाने वाचनालयासाठी काही रक्कम उभी केली की तेवढीच भर स्थानिक मंडळाने घालावयाची आणि तेवढीच सरकारने. गावाने आधी आपला हात खिशात घातला पाहिजे, हा तिच्यातला मुद्दा. ज्याने स्वतःचे पैसे घातले तो कपाटात पुस्तके किती आहेत हे मोजून पाहील, असा तो साधा हिशेब होता. आपण देणगीची गोष्ट लक्षात ठेवली आणि वर्गणीची विसरलो.

१९४९ साली बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी आपण सर्व प्रजाजनांचे नागरिक झालो. घटनेने मत दिले, त्याबरोबर संस्था स्थापन करण्याचा हक्कही दिला. मत पाच वर्षांतून एकदा वापरावयाचे. मधल्या काळात लोकशाही जिवंत राहते ती या दुसऱ्या हक्कावर. परंतु प्रजेचा नागरिक कागदावर एका दिवसात होतो, मनात होण्यास पिढ्या लागतात. अजूनही आपला अर्ज ‘कृपा व्हावी’ या शब्दांनी संपतो.

तो अर्ज दुसऱ्या शब्दांनी संपवण्याचे शिक्षण या देशाला कोणी दिले? विद्यापीठांनी नव्हे. ते दिले राजस्थानातल्या, म्हणजे संस्थानांच्याच मुलखातल्या, मजुरांनी. तेथे दुष्काळी कामांवर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळे. विचारावे तर उत्तर येई, ‘तुमचे काम कमी भरले, मोजणी तसे सांगते.’ मग मोजणी दाखवा, हजेरीपट दाखवा, म्हणावे तर ती सरकारी कागदपत्रे, ती गुप्त! भारतीय प्रशासकीय सेवेचा राजीनामा देऊन खेड्यात राहावयास गेलेल्या अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी या मजुरांबरोबर १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचून दाखवावयाचे, एवढीच तिची रीत. हजेरीपटावरचे नाव वाचले जाई आणि गर्दीतून कोणी म्हणे, हा माणूस तर त्या कामावर कधी गेलाच नाही. झाल्या म्हणून दाखवलेल्या कामांच्या बाबतीतही तेच. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी सरकारी दप्तराची तपासणी केली, कारण दप्तरात जे लिहिले होते ते त्यांच्याच गावचे होते. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्या आंदोलनाची घोषणा. तिच्यात कृपेची याचना कोठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सरकारची कृत्ये जाणण्याचा जनतेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजनारायण खटल्यात १९७५ सालीच म्हटले होते. पण न्यायमूर्तींचे वाक्य निकालपत्रातच राहिले. ते रस्त्यावर आणले मजुरांनी. गोव्याने १९९७ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, महाराष्ट्राने २००० साली, आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने तेथे २००२ चा अधिक सक्षम कायदा आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे अमलात आला. तीस दिवसांत उत्तर देणे हे आता अधिकाऱ्याचे कर्तव्य झाले आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर उरले नाही.

हा अधिकार म्हणजे त्रास देण्याचे साधन झाले आहे, अशी तक्रार ऐकू येते. काही माणसे माहिती मागून धमकावतात, हेही मी नाकारीत नाही. पण चोर रात्री हिंडतात म्हणून रस्त्यावरचे दिवे काढीत नाहीत. उलट दिवे मंद करण्याचेच प्रयत्न झाले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाल व वेतन ठरवणे केंद्र सरकारच्या हाती गेले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तिगत माहितीच्या नावाखाली नाकारता येईल असे क्षेत्र वाढवले. हजेरीपटावरची नावेही व्यक्तीचीच असतात, हे येथे आठवते. लोकांनी मिळवलेला हक्क लोकांनी वापरला नाही तर तो असाच कडेकडेने झिजतो.

मात्र सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ लागलो की मला ते दुसऱ्या रांगेतले काका आठवतात. नागरी समाज, लोकसंस्था, जनशक्ती हे शब्द आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो. परंतु ज्या संस्थांच्या बळावर आपण सरकारला जाब विचारणार, त्या मंडळांतून, न्यासांतून, सोसायट्यांतून तरी जाब विचारता येतो काय? तेथे विचारणाऱ्याला आपण ‘संस्था मोडायला निघाला’ म्हणतो. आमच्या सभेतही हेच कुजबुजले गेले. आधीच मराठी वाचक कमी होत चालले, मुले बाहेरगावी गेली, सभासद म्हातारे झाले. अशा वेळी भांडणे नकोत! ही भीती मला परकी नाही. मीही तिच्याच आडोशाला उभा होतो. परंतु राज्यकर्तेही प्रश्न विचारणाऱ्याला नेमके हेच सांगतात. फक्त संस्थेच्या जागी ते देशाचे नाव घेतात.

आम्ही शेवटी वह्या उघडल्या. कोणी पैसा खाल्ला नव्हता. सत्कारांच्या शाली, पाहुण्यांचा प्रवास, हार, फराळ यांत ती रक्कम गेली होती, आणि त्यांतल्या निम्म्या पावत्यांवर माझीच सही होती. लोकांनी छपरासाठी दिलेले पैसे आम्ही छपराखाली बसून उडवले. गुन्हा म्हणता येणार नाही कदाचित, पण गैर होते. कार्यकारिणीने ती रक्कम आपसांत वर्गणी करून भरली आणि पुढल्या पावसाळ्याआधी कौले बदलली.

तेव्हापासून जमाखर्चाची वही वाचनालयाच्या टेबलावर वर्तमानपत्रांशेजारी ठेवलेली असते. पहिला महिनाभर सर्वांनी ती चाळली. आता एक ते काका सोडले तर कोणी फारसे उघडत नाही. पण वहीत खर्च लिहिताना ‘किरकोळ’ हा शब्द आता माझ्या हातून सहसा उमटत नाही.