गल्ला मोजतो, नफा कधी मोजणार?

आपली मुलं व्यवसायात उतरत आहेत. कुणी केटरिंग करतो, कुणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावतो. पण ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारलं की आपण गल्ल्याचा आकडा सांगतो. गल्ला म्हणजे नफा नव्हे.

समजा, स्टॉलवर ६०,००० रुपयांची पुस्तकं विकली गेली. ती ४२,००० ला आणली होती. ढोबळ नफा १८,०००, म्हणजे विक्रीच्या ३० टक्के. त्यातून जागा, मंडप आणि गाडीभाड्याचे ६,००० आणि उसन्या पैशावरच्या व्याजाचे २,००० गेले. उरले १०,०००. आपण इथेच थांबतो आणि खूश होतो. पण घरातली तीन माणसं चार दिवस राबली, त्यांची मजुरी? रोजचे ७०० धरले तरी ८,४०० होतात. निव्वळ नफा उरला १,६००. शंभराला तीन रुपयेसुद्धा नाहीत!

घरच्यांची मजुरी शून्य धरण्याची ही सवय आली कुठून? महार वतनाने आपल्या पूर्वजांना हेच शिकवलं: राबायचं, पण मोल मागायचं नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच व्यवस्थेविरुद्ध. मग आपल्याच वहीत बायकोची, आईची मेहनत फुकट धरणं ही घरातली वेठबिगारीच नाही का?

काही मित्र म्हणतात, नफा म्हणजे शोषण. आम्हाला हे मान्य नाही. तथागतांनी व्यापार नाकारला नाही. शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार नाकारला. कुणाला न फसवता, मजुरी पूर्ण देऊन उरलेला नफा ही सम्यक आजीविकाच आहे.

२०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. हे हक्क मागायलाच हवेत. पण स्वतःचा खर्च माहीत नसलेला माणूस टेंडर मिळवण्यासाठी दर पाडतो आणि काम मिळूनही बुडतो. मग लोक म्हणायला मोकळे, ‘यांना धंदा जमत नाही.’

म्हणून प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार हिशोबाच्या वहीसाठी ठेवूया. वहीतला पहिला खर्च घरच्या माणसाच्या घामाचा असेल.

जय भीम!