तिसऱ्या भोकामागे काहीच नाही

पॅरिसच्या वेशीवरल्या एका हॉटेलात पहाटे साडेपाचला माझ्या थोरल्या बहिणीला किटलीचा शॉक बसला. एक हात किटलीच्या स्टीलवर, दुसरा बेसिनच्या नळावर. त्याच क्षणी खोलीतली वीज गेली, म्हणून ती वाचली. माझ्या दारावर थाप मारायला आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत थरथरत होता, आणि मागून दाजी म्हणत होते, "अगं, तुझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार."

ताईच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. किटली जुनी, कोल्हापुरात रोज चहाचं पाणी उकळणारी. बॅगेत आदळआपट होऊन तिच्या एलिमेंटचं इन्सुलेशन फुटलं आणि फेज स्टीलच्या अंगावर उतरली. हे कुठल्याही किटलीचं, गिझरचं, इस्त्रीचं होऊ शकतं. त्यासाठीच थ्री-पिन प्लगला वरची जाड पिन, अर्थची, दिलेली असते. उपकरणाच्या धातूवर वीज उतरली तर ती त्या पिनेतून जमिनीत जाते, एमसीबी पडतो, आणि माणसाला हात लावायची वेळच येत नाही. घरी हेच झालं असतं तर ताईला फक्त लाइट गेल्याचं कळलं असतं. पॅरिसमध्ये मात्र भिंत आणि किटली यांच्यामध्ये एक अ‍ॅडॉप्टर होता. टूर कंपनीनं टोपी, पाउच आणि पासपोर्टच्या पाकिटासोबत भेट दिलेला. त्यावर ठसठशीत छापलं होतं: युनिव्हर्सल, १५० देशांत चालतो.

माझी उभी नोकरी विजेच्या कामात गेली. परत आल्यावर मी तो अ‍ॅडॉप्टर उघडला. आत पितळेच्या दोन पट्ट्या होत्या, एक फेजची, एक न्यूट्रलची. तिसरं भोक, ज्यात आपल्या प्लगची अर्थची पिन जाते, त्याच्यामागे नुसतं प्लास्टिक. तार नाही, पट्टी नाही. फ्रान्समधल्या सॉकेटमधून अर्थची पिन बाहेर आलेली असते. ती अडू नये म्हणून या डबीच्या पाठीला एक खाच ठेवली होती. म्हणजे भिंतीतली अर्थ त्या खाचेत शिरत होती आणि प्लास्टिकला टेकून थांबत होती. एका बाजूला किटलीची अर्थ, दुसऱ्या बाजूला इमारतीची अर्थ, आणि मध्ये पाच-सात रुपयांचं पितळ वाचवलेलं.

याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. ज्यानं ती खाच आखली त्याला फ्रान्सची अर्थ-पिन कुठे असते ते मिलिमीटरपर्यंत माहीत होतं. ज्यानं ते तिसरं भोक पाडलं त्याला भारतीय प्लगला तीन पिना असतात हेही माहीत होतं. भोक पाडलं ते प्लग आत जावा म्हणून. ग्राहकाला वाटावं, तीनही पिना बसल्या, काम झालं. ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती माणसाच्या जिवाशी खेळणारी आहे. भोकच नसतं तर प्लग बसला नसता, ताईनं किटली लावली नसती, आणि चहा खाली जाऊन प्याली असती.

तिला वाचवलं ते त्या हॉटेलच्या वायरिंगनं. तिथे ३० मिलिअँपिअरला तुटणारं उपकरण बसवलेलं होतं. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. अर्थ नसतानाही विजेचा एक वाटा माणसातून वाहतोय हे त्यानं ओळखलं आणि पुरवठा तोडला. पण ते तुटण्याआधी वीज ताईच्या छातीतून जाऊन आली होती. ती ६८ वर्षांची आहे आणि रक्तदाबाची गोळी घेते.

मी टूर कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलानं विचारलं, "काका, तुम्ही जास्त लोड टाकला होता का?" चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही रीत मला नवी नाही. जळालेल्या घरात पंचनाम्याला गेलो की हेच ऐकायचो.

त्यांच्या प्रवाशांसाठीच्या सूचनांत या विषयावर एकच ओळ होती: युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवावा. कोणत्या देशात कोणता सॉकेट, व्होल्टेज किती, काय लावावं, काय लावू नये, एक शब्द नाही. गरम कपडे किती, थेपले किती, औषधांची चिठ्ठी कशी, यावर मात्र दोन पानं होती. लाखो रुपये घेणाऱ्या कंपनीला चार ओळी जास्त छापता येत नाहीत, हे मी मान्य करणार नाही.

मुळात 'युनिव्हर्सल' हा शब्दच खोटा आहे. जगातल्या प्लग-सॉकेटना ए पासून ओ पर्यंत अक्षरं दिली आहेत, पंधरा प्रकार. आपले थ्री-पिन दोन: घरातला साधा तो डी, आणि गिझर-एसीचा जाड तो एम. दोन्ही मूळचे ब्रिटिश, बीएस ५४६ या जुन्या मानकातले. ब्रिटननं १९४७ साली बीएस १३६३ हा चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग आणला आणि हळूहळू घराघरांतला गोल पिनांचा प्लग काढून टाकला. आपण तो आयएस १२९३ या मानकात ठेवला. तो जाड एम दक्षिण आफ्रिकेत आजही सापडतो, आपला गिझरचा प्लग तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये सरळ बसतो. बाकी जवळपास सगळीकडे आपल्याला मध्ये काहीतरी घालावंच लागतं.

आणि अर्थ प्रत्येकाची वेगळी. फ्रान्समध्ये ती सॉकेटमधून बाहेर येते. जर्मनीत सॉकेटच्या खोलगट वाटीच्या कडांना दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात, अर्थ तिथे मिळते. इटलीत तीन भोकं एका रेषेत, मधलं अर्थचं. स्वित्झर्लंडमध्ये मधलं भोक किंचित सरकलेलं आणि सगळा सॉकेट षट्कोनी खोबणीत. ब्रिटनमध्ये उभी लांब पिन आधी आत जाते आणि फेज-न्यूट्रलवरची झडप उघडते. सरकपट्टीनं पिना आत-बाहेर करणारी एक डबी हे सगळं करू शकत नाही. म्हणून बहुतेक बनवणारे काय करतात? अर्थच गाळून टाकतात. जर्मनीच्या वाटीत ही चौकोनी डबी धड आत बसतही नाही. कडेवर लोंबकळते, पिना जेमतेम टेकतात, ठिणग्या पडतात.

ब्रिटनमधली ती झडप पेनच्या टोकानं उघडून त्यात टू-पिन घुसवणारे आपले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एका आजोबांनी तर नातवाला हे कसं करायचं ते शिकवलं. त्या मुलाचं वय सहा-सात. ज्या झडपेमुळे लहान मुलाचं बोट किंवा सळई विजेपर्यंत पोहोचत नाही, ती निकामी कशी करायची याचा धडा त्याला घरच्याच माणसानं दिला.

आता व्होल्टेज. अ‍ॅडॉप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. हे वाक्य प्रत्येक डबीवर मराठीत छापायला हवं. मुलाकडे अमेरिकेला जाणारे आईवडील अजूनही बॅगेत मिक्सर घालून नेतात. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० चा मिक्सर तिथे गुरगुरतो, पण चटणी वाटली जात नाही. २३० व्होल्टची १००० वॉटची किटली १२० वर जेमतेम २७० वॉट देते, पाणी उकळायची वाट बघत बसावं लागतं. उलटा प्रवास त्याहून वाईट. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर पुण्यात लावला की तो साडेतीन पटीहून जास्त वीज ओढतो आणि काही क्षणांत जळतो. जपानमध्ये तर १०० व्होल्ट. ब्राझीलचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथे देशभर एकच प्लग, पण साव पावलोमध्ये १२७ व्होल्ट आणि ब्राझिलियात २२०. भोकाचा आकार बघून आत काय आहे ते कळत नाही, हे त्या देशातला माणूस रोज जगतो. आपल्या दुकानदाराला हे विचारा, तो म्हणेल, "बिनधास्त लावा."

मोबाइलचं काय, असं कोणी विचारेल. मोबाइलला यातलं काही लागू नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. फोनच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं आणि चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थ लागत नाही. त्याला ही डबी चालते. दहा दिवस फोन चालला, की लोक अकराव्या दिवशी त्याच डबीत इस्त्री खुपसतात. डबीवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं. अमेरिकेत त्याचा अर्थ ७२० वॉट. तिथल्या बहुतेक इस्त्र्या त्याच्या वर जातात.

पण सगळा राग मी बनवणाऱ्यांवर काढणार नाही. ही डबी आपल्याकडे खपते, कारण तिसरी पिन आपल्या लेखी शोभेची आहे. मी अशा सोसायट्या पाहिल्या आहेत जिथे बिल्डरनं प्रत्येक बोर्डावर तीन भोकं दिली आणि अर्थची तार बोर्डापर्यंत ओढलीच नाही. फ्रिजच्या प्लगची वरची पिन करवतीनं कापून तो टू-पिनमध्ये बसवलेला पाहिला आहे. फ्रिजच्या दाराला झिणझिण्या येतात म्हणून पुढ्यात लाकडी पाट ठेवून त्यावर उभ्या राहणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. वायरमनला बोलवा म्हटलं की घरातला पुरुष म्हणतो, "इतकी वर्षं चाललंय की." दाजींनी पॅरिसमध्ये ताईला जे ऐकवलं ते याच सवयीतून आलं. दोष यंत्राचा नाही, वायरिंगचा नाही, हात लावणाऱ्या बाईचा.

मला हे सहन होत नाही. विजेचा शॉक बसलेल्या माणसाचा चेहरा मी नोकरीत पाहिला आहे, आणि तसाच चेहरा मला बहिणीचा पाहावा लागला.

तेव्हा परदेशी जाणाऱ्यांनो, ती पंधरा तोंडांची डबी घेऊ नका. ज्या देशात जायचं त्याच देशाचा अ‍ॅडॉप्टर घ्या. फ्रान्स-जर्मनीसाठी दोन्हीकडची अर्थ घेणारा गोल प्लग मिळतो: कडेला पट्ट्या आणि समोर एक भोक. ब्रिटन, दुबई, सिंगापूरसाठी चपट्या तीन पिनांचा, आत फ्यूज असलेला घ्या. इटली आणि स्वित्झर्लंडसाठी वेगळे घ्या. किटली, इस्त्री, मिक्सर घरी ठेवा. श्वासाचं यंत्र किंवा नेब्युलायझर न्यायचं असेल तर त्याच्या पाठीवरचे आकडे निघण्याआधी वाचा.

आणि विकत घेताना दुकानदाराकडे मल्टिमीटर मागा. एक टोक अ‍ॅडॉप्टरच्या तिसऱ्या भोकात, दुसरं भिंतीकडच्या अर्थच्या धातूवर. बीप वाजला तर पैसे द्या. नाही वाजला तर ती डबी काउंटरवरच ठेवा आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला कारण सांगा.