ठिपक्यांची साक्ष

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी निराळी आणि मेंदूची निराळी. कोणत्या जनुकाच्या आरएनए-प्रती केव्हा व किती निघाव्यात, हे पेशीपेशीत भिन्न असते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

पूर्वी ही अभिव्यक्ती एका वेळी मोजक्याच जनुकांची तपासता येई. १९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी काचपट्टीवर डीएनएचे ठिपके मांडून एका लहानशा वनस्पतीची ४५ जनुके एकदम मोजली. हाच डीएनए ॲरे होय. १९९७ मध्ये जोसेफ डेरिसी, विश्वनाथ अय्यर व पॅट्रिक ब्राउन यांनी यीस्टची जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे ६,४०० जनुके अशाच तऱ्हेने तपासली. आरंभीच्या पेशींतील आरएनएवरून केलेल्या प्रतींना हिरवा व नंतरच्या प्रतींना लाल चकाकणारा रंग दिला. प्रत्येक प्रत आपल्या जोडीच्या डीएनएला चिकटते. म्हणून लाल ठिपका वाढ दाखवितो, हिरवा घट आणि पिवळा समानता. ग्लुकोज संपत आले तेव्हा सुमारे ७१० जनुकांच्या प्रती किमान दुप्पट झाल्या, तर सुमारे १,०३० जनुकांच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आल्या.

हे वैभव खरे आहे. परंतु त्यात एक धोकाही दडलेला आहे. समजा, ६,००० जनुकांपैकी एकातही खरा बदल झालेला नाही. तरीही विसांत एक चूक चालवून घेणारी कसोटी लावली, तर सुमारे ३०० जनुके केवळ योगायोगाने ‘बदललेली’ दिसतील. मोजमापे जितकी अधिक, तितकी योगायोगाला शोधाचे सोंग घेण्याची संधी अधिक.

म्हणूनच प्रयोगाची मूळ नोंद सर्वांपुढे खुली असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा नोंदीत किमान काय असावे, याचे नियम २००१ साली प्रसिद्ध झाले होते. तथापि २००९ मध्ये जॉन आयोनिडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या १८ लेखांतील विश्लेषणे पुन्हा करून पाहिली, तेव्हा २ जुळली, ६ अंशतः जुळली आणि १० जुळविताच आली नाहीत. याचे मुख्य कारण मूळ माहिती न मिळणे हे होते.

कष्टाने मिळविलेली माहिती दुसऱ्याच्या हाती का द्यावी, असे कोणी विचारील. ही शंका अगदीच निराधार नाही; श्रमाचे श्रेय ज्याचे त्याला मिळालेच पाहिजे. परंतु अशा निष्कर्षांवर पुढे रोगोपचाराचे निर्णय उभे राहतात. ज्या साक्षीची उलटतपासणी होऊ शकत नाही, तिच्यावर रुग्णाचे भवितव्य सोपविणे न्याय्य नव्हे.

आज ॲरेची जागा बहुतांशी आरएनएच्या थेट वाचनाने घेतली आहे. साधन बदलले, जबाबदारी बदललेली नाही. विद्यार्थ्यांनी अशा संशोधनाचे वृत्त वाचताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : किती जनुके तपासली, आणि ती नोंद इतरांना पाहता येते काय?