पाकिटावरची शिंगं

अमेरिकेत हरणांसाठी शेत पेरतात. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच कानांवर शंका येते. आपल्याकडे विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरांपासून हरभरा वाचवायला थंडीत रात्ररात्र जागतो. इथे मिशिगन-विस्कॉन्सिनमध्ये लोक ट्रॅक्टर काढून, युरिया टाकून अर्धा-एक एकर सलगम आणि मुळा लावतात आणि तो काढतच नाहीत. पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी येऊन तो खावा आणि नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम उघडला की त्यातलं एखादं टप्प्यात उभं राहावं, यासाठी हा खटाटोप. याला फूड प्लॉट म्हणतात.

जेवू घालून मारणं बरोबर की चूक, हा वाद मला इथे घालायचा नाही. इथे शिकार परवान्यावर होते आणि मांस घरच्या फ्रीजरमध्ये जातं. पोल्ट्रीची कोंबडी खाणाऱ्या माझ्यासारख्यानं त्यावर नाक मुरडण्यात फारसा अर्थ नाही. माझं भांडण आहे ते दर जुलैत रंगणाऱ्या तुलनेशी. कुठलं वाण भारी? पर्पल टॉप की बारकांट? विनफ्रेड की ड्वार्फ एसेक्स? ट्रॅक्टर-सप्लायच्या दुकानांपासून आमच्या ऑफिसच्या कँटीनपर्यंत हीच चर्चा, आणि पुरावा म्हणून फोनवरचा एक फोटो: हिरवंगार शेत, मध्ये उभा नर, डोक्यावर भलीमोठी शिंगं. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक तुलना तुलनाच नाहीत, आणि त्यांच्या जिवावर बियाणं विकणाऱ्यांचं छान चाललंय.

आधी पिकांबद्दल, कारण इथे खरे फरक आहेत आणि ते मजेदारही आहेत. सलगम, पाक-चोय ही ब्रासिका रापा. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, केल ही ब्रासिका ओलेरेशिया. या दोघांच्या संकरातून निसर्गात जन्मली ती ब्रासिका नेपस, म्हणजे रेप. नाव ऐकून दचकू नका, लॅटिनमध्ये सलगमाला 'रापा' म्हणतात, त्यावरून आलंय. हे नातं वू जांग-चून या शास्त्रज्ञानं १९३५ साली मांडलं आणि आपली राई-मोहरीसुद्धा त्याच त्रिकोणात बसते. मुळा थोडा लांबचा, चुलत घराण्यातला. फोडणीत मोहरीला जो झणका येतो तो ज्या गंधकयुक्त रसायनांतून येतो, ती या सगळ्यांच्या पानांत कमी-अधिक असतात.

हरणाच्या दृष्टीनं हिशोब असा. मुळा झपाट्यानं वाढतो, पानं लवकर देतो, पण सलग काही रात्री कडक गोठवणाऱ्या गेल्या की मान टाकतो आणि पुढे शेतात कुजतो. तो वास एकदा आला की विसरत नाही. सलगम आधी पानं देतो, मग कंद, आणि जानेवारीत हरणं बर्फ उकरून तो कंद खातात. ड्वार्फ एसेक्सला कंद नाही, नुसता पाला, पण थंडीत तो मुळ्यापेक्षा बराच जास्त तग धरतो. म्हणजे ऑक्टोबरला मुळा, नोव्हेंबर-डिसेंबरला रेपचा पाला, सगळं संपल्यावर सलगमाचा कंद. हा फरक पिकापिकातला आहे आणि तो खरा आहे. तो समजून घेऊन कोणी मिश्रण करत असेल तर माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती एकाच पिकातल्या नावांपाशी. पर्पल टॉप हे परसबागेतलं सलगम, शंभराहून जास्त वर्षांचं जुनं वाण. बारकांट, विनफ्रेड ही चाऱ्याची वाणं. विनफ्रेड हा सलगम आणि केलचा संकर. ही मेंढ्या-गुरांना चारण्यासाठी तयार झाली, पाला जास्त यावा म्हणून. त्यांच्यात फरक नाही असं मी म्हणत नाही. पण तेच बियाणं शिंगांचं चित्र छापलेल्या पाकिटात शिरलं, 'मॉन्स्टर', 'ट्रॉफी', 'किंग' असलं नाव मिळालं, की आत नेमकं काय आहे हे सांगणं कंपनीला कमीपणाचं वाटू लागतं.

सुदैवानं कायदा आहे. १९३९च्या फेडरल सीड ॲक्टप्रमाणे पाकिटावर टॅग लागतो: पीक कुठलं, शुद्धता किती, उगवणक्षमता किती, तणाचं बी किती, निष्क्रिय भाग किती. कापसाचं बियाणं घेणारा आपल्याकडचा शेतकरी पिशवी उलटी करून आधी हेच बघतो. इथला हौशी शिकारी पिशवी सुलटीच धरतो. उलटी केली तर कळेल की दाण्यांवर रंगीत लेप आहे आणि पाकिटाच्या वजनातला मोठा हिस्सा त्या लेपाचा आहे. समजा शुद्ध बी ६६ टक्के आणि उगवणक्षमता ८५ टक्के. गुणाकार करा: ५६ टक्के. शंभर डॉलरच्या बियाण्यात उगवणारं बी छप्पन्न डॉलरचं. आणि कित्येकदा वाणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'व्हरायटी नॉट स्टेटेड'. म्हणजे ज्या वाणाच्या श्रेष्ठत्वावर दोन मित्र तासभर भांडले, त्याचं नावच पाकिटावर नाही. को-ऑपच्या गोदामात सुटं मिळणारं साधं पर्पल टॉप याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि त्याच्या टॅगवर निदान नाव तरी असतं.

आता ती शिंगं. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्यानं येतात. ती वाढतात एप्रिल ते ऑगस्ट. सप्टेंबरात त्यांच्यावरची मखमली कातडी निघते आणि वाढ संपते. सलगम उत्तरेकडे पेरतात जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि हरणं त्यावर तुटून पडतात बहुधा नोव्हेंबरपासून पुढे. शेत खाल्लं जाईपर्यंत शिंगं कधीच तयार झालेली असतात. त्या फोटोतल्या नराच्या डोक्यावर जे आहे, त्यात त्या हंगामातल्या सलगमाचा वाटा शून्य. यावर उत्तर तयार असतं: हिवाळा चांगला गेला तर वसंतात नर सुदृढ असतो, पुढची शिंगं चांगली येतात. मान्य, थोडं तथ्य आहे. पण शिंगं मोठी व्हायला सर्वांत जास्त लागतं ते वय. नर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत ती वाढत जातात, आणि दीड वर्षाचा नर दिसताक्षणी टिपला तर कुठल्याही पाकिटातलं बी ते वय आणून देत नाही.

दुसरी आवडती कथा गोडव्याची. पहिली कडाक्याची थंडी पडली की पानांत साखर वाढते आणि मग हरणं तुटून पडतात. साखर वाढते हे खरं आहे, गोठण्यापासून वाचायची ती वनस्पतीची युक्ती आहे. पण त्याच आठवड्यांत आणखी काय घडतं? सोयाबीन काढून झालेलं असतं, अल्फाल्फा सुकलेला असतो, ओकची फळं संपत आलेली असतात. मग हरणं सलगमाकडे आली ती गोडव्यानं की उपासानं? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि आपण आपल्या आवडत्या गोष्टीला श्रेय दिलं. आमच्या धंद्यात कोणी असा रिपोर्ट दिला तर रिव्ह्यूमध्ये तो दोन मिनिटं टिकत नाही. काही ठिकाणी हरणं सप्टेंबरातच पाला फस्त करतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तोंडही लावत नाहीत, कारण तिथल्या हरणांना ते खाणं ओळखीचंच नसतं. दोन जिल्ह्यांतल्या दोन माणसांचे अनुभव शेजारी ठेवून वाण ठरवणं म्हणजे पुण्याच्या आणि पाटण्याच्या माणसाला विचारून भाकरी चांगली की लिट्टी हे ठरवण्यासारखं.

या सगळ्यावर उपाय आहे आणि तो हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे: जाळीचा पिंजरा. तीन-चार फूट रुंद, छातीभर उंच, तारेच्या जाळीचं गोल कडं, पेरल्याबरोबर शेतात खुंट्या ठोकून उभं करायचं. आत हरणाचं तोंड पोचत नाही. नोव्हेंबरात आत किती वाढलंय आणि बाहेर किती उरलंय हे बघा. आत गुडघाभर आणि बाहेर खुंट असतील, तर पीक उत्तम आलं आणि खाल्लं गेलं. आत-बाहेर सारखंच खुरटं असेल, तर जमीन उपाशी आहे. आत-बाहेर सारखंच हिरवंगार असेल, तर हरणांना त्याची गरजच पडलेली नाही. पिंजरा नसेल तर या तीन परिस्थिती एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. उघडं पडलेलं शेत बघून एक म्हणतो "वाण फेल गेलं", दुसरा म्हणतो "हरणांना जाम आवडलं", आणि दोघांचा फोटो एकच असू शकतो.

माझ्या टीममधल्या एकाच्या सासऱ्यांची ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला थोडी जमीन आहे आणि तिथे पेरणीला मी तीन वर्षं जातोय. त्यांनी तीन वाणं तीन पट्ट्यांत लावली, पट्टे जंगलाच्या कडेला समांतर. कडेचा पट्टा आधी संपला. दुसऱ्या वर्षी वाणांची अदलाबदल केली, तरी कडेचाच आधी संपला. हरीण उजेडी उघड्यावर यायला घाबरतं, त्यामुळे झाडीजवळचं आधी खातं. एवढं साधं उत्तर, पण पट्टे आडवे करून प्रत्येक वाण झाडीपर्यंत न्यावं, दोन-तीनदा आलटून पालटून लावावं, हे पाकिटाच्या मागे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि तसं केलं तरी कळते ती फक्त पसंती. ताटात श्रीखंड आणि पोळी दोन्ही असताना पोरानं श्रीखंड आधी संपवलं, म्हणून पोळी निकामी ठरत नाही.

ज्यानं खरंच फरक पडतो ते कंटाळवाणं आहे. माती तपासा, सामू सहाच्या वर आणा. नत्र द्या. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एकरी शंभर पौंड युरियातून ४६ पौंड मिळतं, आणि ही पिकं नत्राची भुकेली आहेत. बी पाव इंचापेक्षा खोल घालू नका, दाट पेरू नका, दाटीत कंद धरत नाहीत. दोन वर्षांनंतर जागा बदला, नाहीतर मुळांना गाठींचा रोग धरतो. यातलं काही चुकलं तर महागडं वाणही हातभर वाढत नाही. हे सगळे ऐकतात, मान डोलवतात आणि पुन्हा विचारतात, "पण बारकांट कसं आहे?"

कारण खत विकत घेण्यात ती मजा नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी कुठलीच बियाणं कंपनी पाकिटावर छापणार नाही. अर्धा एकर पेरला आणि आजूबाजूला हरणं भरमसाट असली, तर कंद धरायच्या आतच शेत साफ होतं. तिथे तुलना करायला काही उरतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जी हरणं काही लाखांवर आली होती, ती आज अंदाजे तीन कोटी आहेत. जंगलात ओकची रोपं गुडघ्याच्या वर येऊ देत नाहीत. आल्डो लिओपोल्ड १९४०च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये हेच सांगत होता: कळप कमी करा, माद्याही मारा, हिवाळ्यात चारा टाकून प्रश्न सुटणार नाही. लोकांनी त्याला शिव्या घातल्या. मिशिगनच्या रानात २०१५ साली क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदू पोखरणारा, औषध नसलेला रोग सापडला आणि २०१९पासून खालच्या द्वीपकल्पात मका-गाजरांचा ढीग टाकून हरणं जमवण्यावर बंदी आली. फूड प्लॉटवर नाही, कारण कायद्याच्या लेखी ते पीक आहे. अर्धा एकर सलगमावर रोज संध्याकाळी जमणारी वीस हरणं आणि मक्याच्या ढिगावर जमणारी वीस हरणं यांच्यात रोगाला किती फरक जाणवतो, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

म्हणून यंदा सासऱ्यांनी यादी विचारली तेव्हा मी लिहून दिली ती अशी: सुटं पर्पल टॉप, सुटं ड्वार्फ एसेक्स, मातीचा रिपोर्ट, दोन पोती युरिया, तीन पिंजऱ्यांची जाळी, आणि परवाना काढताना नराच्या जोडीला मादीचे दोन टॅग. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. माद्या मारायच्या नाहीत असा त्यांच्या वडिलांचा नियम होता. कागद त्यांनी खिशात ठेवलाय, जाळी आणलीय, टॅगचं अजून ठरायचंय.